खांबाची गार बाजू

पहिला भपका आला तेव्हा मी दुकानात साबुदाणा तोलत होते. पौषातली सकाळ, समोरची बाई शाल गुंडाळून कुडकुडत उभी, आणि मला एकाएकी बेंबीच्या वर कुणी चूल पेटवल्यासारखं झालं. तो जाळ छातीतून मानेत, मानेतून कानात आणि कानातून टाळूत गेला. कपाळावरचा घाम टपटप तागडीत पडायला लागला. ती बाई डोळे मोठे करून म्हणाली, "अवो वहिनी, बरं न्हाई का? तोंड लालबुंद झालंय की तुमचं." मी म्हटलं, "मिरची लागली." साबुदाण्यात मिरची कुठून यायची, पण त्या घडीला दुसरं काही सुचलं नाही. तिचा साबुदाणा मी ओतून टाकला आणि तिला दुसरा तोलून दिला.

थोड्या वेळानं ते ओसरलं, आणि घामानं भिजलेल्या अंगाला अशी हुडहुडी भरली की मी त्या बाईच्या शालीकडं आशेनं बघत राहिले. खरं सांगते, मला भीती नाही वाटली. नवल वाटलं. पन्नाशीला आले, पण माझ्याच अंगात एवढा जाळ दडलेला आहे याचा मला पत्ता नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी माझा डावा स्तन काढला होता. कॅन्सरची गाठ होती. मग सलाइनमधून औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली. रोज एक, पाच वर्षं. बाईच्या अंगात जे संप्रेरक असतं त्यावर हा कॅन्सर पोसतो, गोळी त्याचा दाणापाणी तोडते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. "त्यामुळं हॉट फ्लश येतील बरं का. पाळी जाताना बायकांना येतात तसेच, जरा जास्त," असंही म्हणाल्या. जरा! हा शब्द डॉक्टर लोकांना कुठं शिकवतात, देव जाणे.

गोळी केवढी, तर मसुरीच्या दाण्याएवढी. मी किराणा दुकानदाराची बायको, दाण्यांत माझा जन्म गेला. ज्वारीचा दाणा हातात घेऊन तो कुठल्या रानातला ते मी सांगीन. पण एवढ्याशा दाण्यात एवढा दम मी कधी पाहिला नव्हता. रोज सकाळी ती पांढरी टिकली तळहातावर घेऊन मी तिच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, बाई गं, तू माझ्या आत जाऊन नेमकं करतेस तरी काय?

भपक्याला वेळ-काळ नव्हता. भाकरी थापताना यायचा, एसटीत यायचा, कुणाच्या मयतीला गेले तर तिथंही यायचा. मग मी शोध लावायला सुरुवात केली. नायलॉनच्या साड्या जावेला देऊन टाकल्या. चहा सोडला. चहा सोडताना जेवढी रडले तेवढी ऑपरेशनच्या वेळी रडले नव्हते. शेजारणींनी सब्जा सांगितला, गुलकंद सांगितला, माठात वाळा टाकायला सांगितला, सगळं करून झालं. पण खरा इलाज मला दुकानाच्या मागच्या खोलीत सापडला. ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसले की आतला दाणा गार लागतो. वर कितीही ऊन असो, पोत्याच्या पोटात गारवा असतो. भपका आला की मी मागं पळायचे आणि पोत्यात हात घालून उभी राहायचे. एकदा आमचे हे पोतं उचलायला आले आणि दारातच थबकले. "काय हरवलं?" "माझं डोकं," मी म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी मला आइस्क्रीमच्या फ्रीजमध्ये मान घालून उभी असलेली पाहिलं, तेव्हा मात्र काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "झाकण लावून घे, कुल्फी पातळ होईल." नवरा शहाणा होत चालला होता.

घरात आम्ही तिघंच. मी, हे, आणि माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. पोरगी लग्न होऊन पुण्याला. आत्याबाई तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढं होत्या. अंगानं वाळक्या, बोलायला कमी, आणि गावात भक्तीसाठी मोठा मान. आमच्या चारठाण्यात देवळांना तोटा नाही. काळ्या दगडाची, जुनी, कुणी बांधली ते शोधायला बाहेरगावची माणसं येतात. त्यातल्या एका महादेवाच्या देवळात आत्याबाई रोज दुपारी जाऊन बसायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या सणावारीच जायच्या, पण नंतर कधीतरी त्यांनी रोजचा नेम धरला आणि तो वर्षानुवर्षं मोडला नाही. आतल्या मंडपात एका खांबाला पाठ लावून, डोळे मिटून, तास-दोन तास हलायचं नाही. लोक म्हणायचे, बाई कैलासाला लागलेली आहे. नव्या सुनांना पाया पडायला त्यांच्याकडं पाठवायचे. आणि मग माझ्याकडं बघून एक सुस्कारा ठरलेला, "सासू अशी, अन् सून बघा, दुकानातून उठत न्हाई." आम्ही लिंगायत. मी सकाळी गळ्यातल्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करते, भस्म लावते, पण मन माझं गिऱ्हाइकात. त्यांच्या त्या बसण्यापुढं माझी पूजा म्हणजे हात धुतल्यासारखी. मला त्यांचा धाकही होता आणि थोडा रागही यायचा.

एक गोष्ट मात्र मी कधी विसरणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरनं सांगितलं, अंगावर काही ठेवायचं नाही, बांगड्या नाही, गळ्यात काही नाही. मी बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, पण लिंगाच्या डबीवर हात ठेवून बसले. लहानपणी ते गळ्यात घातलं तेव्हापासून अंगावेगळं केलेलं नव्हतं. आमच्यात लिंग अंगावेगळं होणं म्हणजे जीव जाण्यातच जमा धरतात. सिस्टर खोळंबली होती, हे घाबरून माझ्याकडं बघत होते, आणि मी हटून बसलेली. तेव्हा आत्याबाई पुढं आल्या. डावा तळहात पुढं केला आणि म्हणाल्या, "आन इकडं." एवढंच. मी डबीतलं लिंग काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. ह्यांनी मला नंतर सांगितलं की मी आत होते तोवर त्या बाहेरच्या बाकड्यावर तशाच बसून होत्या. डाव्या हातावर माझं लिंग, वर उजवा हात झाकलेला. चहा नाही, पाणी नाही, पाठ टेकली नाही. मला बाहेर आणलं तेव्हा त्यांची बोटं उघडेनात, ह्यांनी एकेक सोडवली.

तर हे असं होतं. पौष, माघ, फाल्गुन मी काढले, पण चैत्र लागला आणि माझं धैर्य संपलं. परभणीचं ऊन ज्यानं काढलंय त्याला सांगायला नको. बाहेरून सूर्य आणि आतून गोळी, मधे मी. कूलरचं पाणी गरम, माठातलं पाणी कोमट, आणि पोत्यातली ज्वारीसुद्धा तापलेली. झोप गेली की माणसाचं काय होतं ते मी स्वतःवर पाहिलं. मी गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. एका सकाळी जेवायला बसलो असताना भपका आला, आणि मी ताट बाजूला सारून सांगून टाकलं, "आजपासून ही गोळी बंद. जगायचं तर माणसासारखं जगायचं, नसता नाही." ह्यांचा घास हातातच राहिला. "डॉक्टरीणबाईंना फोन लावू," म्हणाले. मी म्हटलं, "त्यांनीच तर दिलीय." पोरीला फोन लावला तर ती तिकडून रडायला लागली. "आई, पुन्हा उलटलं म्हणजे?" मी तिच्यावरही ओरडले. उलटलं म्हणजे काय, ते मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण त्या दिवशी मरणापेक्षा दुपारची भीती जास्त वाटत होती.

आत्याबाईंनी हे सगळं ऐकत भाकरी खाल्ली, ताट धुतलं, आणि उन्हं चढायच्या आत गेल्या देवळात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या कंबरेवर कळशी घेऊन दाराबाहेर निघालेल्या. "कुठं चाललात?" "गळतीला पानी घालायला." उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर तांब्याचं भांडं टांगतात, त्याला बारीक भोक असतं, त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडत राहतं. देवाला ऊन बाधू नये म्हणून. तिला आम्ही गळती म्हणतो. दरवर्षी घरोघरच्या पाळ्या ठरतात. मी म्हटलं, "आपली पाळी अजून यायचीय." त्या म्हणाल्या, "मी समद्या पाळ्या मागून घेतल्यात. मिरगापस्तोर गळती माही. आता ऐक. गळती चालू हाय तोवर तू गोळी बंद करायची न्हाई. भांडं उतरलं की मग तुहं तू बघ." मी बोलायला तोंड उघडलं, तर त्या वळून चालायलासुद्धा लागल्या होत्या.

घ्या आता. पंच्याहत्तरीच्या बाईनं रोज पाण्यानं भरलेली कळशी देवळात न्यायची, आणि मी मसुरीएवढी गोळी गिळायची नाही? मी चरफडत गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. भांडं दिवसातून दोन-तीनदा भरावं लागायचं, त्या सकाळी जायच्या, दुपारी जायच्या, सांजच्याला जायच्या. हे कळशी हातातून काढून घ्यायला गेले तर त्यांनाच दटावलं, "तू दुकान बघ." माझ्या मनात यायचं, बाईनं नवस बोललाय, आणि देवानं ऐकलं नाही तर ती मनानं खचेल. कारण भपके काही कमी होत नव्हते. दोघी आपापल्या जागी हट्टाला पेटलेल्या.

वैशाखात एके दुपारी त्या यायला उशीर झाला. बाहेर चव्वेचाळीसचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. माझा जीव टांगणीला लागला. छत्री घेतली आणि निघाले. निम्म्या वाटेत भपका आला. वरून आणि आतून एकदमच. छत्रीचा दांडासुद्धा हातात तापला. देवळाच्या पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसेना, नुसता गळतीचा आवाज येत होता, टप, टप. मग खांबाशी आत्याबाई दिसल्या, पाठ लावून बसलेल्या.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. तोंड लाल, घामाच्या धारा, दम लागलेला. "आला व्हय?" म्हणाल्या. मी मान हलवली. "मग उभी कामून ऱ्हायलीस? इकडं ये." त्या सरकल्या. मला खांबाच्या आतल्या बाजूला बसवलं, गाभाऱ्याकडच्या. "पदर खाली घे. पाठ नीट लाव." मी म्हटलं, "देवळात?" त्या म्हणाल्या, "इथं कोन हाय? महादेव. त्याच्या अंगावर तरी कुठं धडुतं हाय?"

मी पाठ लावली. आणि बाई, काय सांगू. बाहेर दगड पाय ठेवू देत नव्हते, आणि हा दगड गार. नुसता गार नाही, आडाच्या पाण्यासारखा खोलवर गार. माझा जाळ पाठीतून त्या खांबात जायला लागला, आणि खांबाला त्याचं काहीच नाही. तो आपला घेतोय, घेतोय. मी डोळे मिटले. मानेवरचा घाम वाळला. गळ्यातली डबी छातीवर, जिथं आता काही नाही तिथं, गार लागायला लागली. कितीतरी महिन्यांत मला असं सुख मिळालं नव्हतं. मी रडायच्या बेतात होते.

"किती येळ ऱ्हातो तुहा?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय?"

"जाळ."

मी डोळे उघडले. जाळ हा शब्द मी मनातल्या मनात वापरायचे, कुणापाशी बोलले नव्हते. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला ठाऊक न्हाई तर कुनाला? पाळी जायच्या टायमाला लय वर्सं आला की. मला वाटलं कुनी करनी केली. सांगावं कुनाला? घरात सासरा, दीर, पावनेरावळे. चुलीपुढं बसले की जीव जायचा, उठले तर म्हनायचे, कुठं चाललीस. येक दिवस इथं दिवा लावायला आलते, अन् आला. पडायला लागले म्हून खांब धरला. बघते तर गार. तवापास्नं रोज यायला लागले."

"म्हणजे तुमचं हे दुपारचं बसणं... ती भक्ती?"

"कसली भक्ती, माय. मी गार व्हायला येत व्हते."

"आणि लोक पाया पडायचे ते?"

"पडायचे. मी म्हनलं, पडू द्या. उठून गेले असते तर परत गरम झालं असतं."

मी हसायला लागले. तोंडावर पदर धरला तरी हसू आवरेना, सगळ्या मंडपात घुमलं. सगळं गाव ज्या बसण्यावर बोटं तोंडात घालत होतं, ज्याच्यावरून मला वर्षानुवर्षं टोमणे मारले, ते हे होतं! मग आत्याबाईंचेही खांदे हलायला लागले. त्यांना हसताना मी तोवर दोनदा-तीनदाच पाहिलं असेल. दोघी खांबाच्या दोन बाजूंना बसून पोरीसोरींसारख्या हसत होतो आणि पिंडीवर थेंब पडत होते.

हसू थांबल्यावर मी विचारलं, "मग देवाचं काय?" आत्याबाई म्हणाल्या, "बसून बसून तो बी आवडायला लागला. जाळ गेला, तरी येनं सुटलं न्हाई."

मी इतकी वर्षं ज्या बाईला वरच्या पायरीवरची समजत होते ती माझ्यासारखीच घामेजून, घाबरून इथं आली होती, एकटी, कुणाला एक शब्द न सांगता. मला निदान डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं होतं त्याचं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी घर चालवलं, माझं बाळंतपण केलं, आणि त्या जाळातूनच त्यांना देव भेटला. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण तेव्हा उठवत नव्हतं, खांब इतका गार होता.

निघताना मी उभी राहिले आणि खांबाकडं वळून बघितलं. बसल्यावर पाठ येते त्या उंचीला दगड गुळगुळीत झालेला होता, काळाभोर, तेलकट चकाकी आलेला. बाकी खांब खडबडीत. मी त्यावर हात फिरवला. "तुम्ही केली ही जागा?" आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई गं. मी आले तवाच अशी व्हती." मी तिथंच उभी राहिले. पाठीनं दगड गुळगुळीत व्हायला किती बायका बसल्या असतील? कुणाच्या सासवा, त्यांच्या सासवा, सगळ्या गार व्हायला आलेल्या, आणि सगळ्यांना गाव भक्त म्हणत असेल. कुणीच कुणाला सांगितलं नाही, आणि तरी ती जागा एकीकडून दुसरीकडं आली. इतका मोठा अचंबा मला आयुष्यात कशाचा वाटला नाही.

त्यानंतर मी रोज दुपारी दुकान ह्यांच्यावर टाकून देवळात जायला लागले. जाताना कळशी उजव्या हातानं मीही धरायचे, ऑपरेशनपासून डाव्या हाताला वजन मना आहे. गावात बातमी पसरली, सुनेलाही भक्ती लागली. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही, नाहीतर हसू फुटलं असतं.

मग ढग आले. मृगाचा पहिला शिडकावा झाला त्या सकाळी आत्याबाईंनी गळतीचं भांडं उतरवलं, घासलं, पुसलं आणि पालथं घातलं. मी शेजारी उभी. त्या म्हणाल्या, "झालं माहं काम. आता गोळी खायची का न्हाई, तुहं तू बघ. मी येक शब्द बोलनार न्हाई." मग त्या खांबाशी बसल्या आणि एक शब्द बोलणार नाही म्हणणारी ती बाई जितकं कधी बोलली नव्हती तितकं बोलली.

आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. त्याला आंघोळ घालून, भस्म लावून बसवतात, त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच मातीत ठेवतात. आत्याबाई म्हणाल्या, "दवाखान्यात तुहं लिंग माह्या हातावर ठिवलंस. मी बाकड्यावर बसले. अन् मनात आलं, मानूस गेल्यावर त्याच्या हातात लिंग ठिवतेत. इथं लिंग माह्या हातात, अन् मानूस आत. मी महादेवाला म्हनलं, असं उलटं करू नको. माही पाळी आधी हाय. माह्या हातावर माहं लिंग हिनं ठिवायचं, मी हिचं न्हाई धरायचं. येवढंच मागितलंय मी. तुहा जाळ जावा म्हून गळती न्हाई घातली. जाळ काय, तो खांब घेतो. तू माह्या मागं ऱ्हावंस म्हून घातली."

मी नुसती त्यांच्या शेजारी बसले. बाहेर ओल्या मातीचा वास सुटला होता. घरी आल्यावर मी गोळी घेतली, आणि ह्यांना म्हटलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावा.

डॉक्टरीणबाई रागावल्या. "एवढा त्रास काढलात, आणि मला आत्ता सांगताय?" गोळीची वेळ सकाळची बदलून रात्रीच्या जेवणानंतरची केली, जोडीला दुसरं एक औषध दिलं. बंद मात्र करायची नाही, म्हणाल्या, काहीही वाटलं तरी आधी मला विचारायचं. भपके गेले नाहीत, पण निम्म्यावर आले. उरलेले मी खांबाला दिले. मग पुढची वर्षं दुपारी आमची जागेवरून भांडणं व्हायची. गाभाऱ्याकडची बाजू कुणाची? त्या म्हणायच्या, मी मोठी. मी म्हणायचे, तुम्हाला आता कुठं गरज आहे, सरका. त्या सरकायच्या, पण पुटपुटत.

गेल्या पौषात आत्याबाई गेल्या. दुपारी देवळातून आल्या, पाणी मागितलं, भिंतीला टेकून बसल्या आणि तशाच राहिल्या. मी पाणी घेऊन आले तर डोळे मिटलेले. मला वाटलं, रोजच्यासारख्याच बसल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आंघोळ घातली, कपाळाला भस्म लावलं, भिंतीला पाठ लावून बसवलं. विधी करायला आलेले स्वामी त्यांचं लिंग हातात घेऊन पुढं झाले. मी म्हटलं, "थांबा. ते मी ठेवणार. त्यांनी तसं सांगितलंय." स्वामींनी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "तिलाच ठेवू द्या." बायकांनी वाट दिली. कडाक्याची थंडी होती, सगळ्या शाली पांघरून बसलेल्या. मी आत्याबाईंसमोर बसले, त्यांचा डावा हात माझ्या हातात घेतला, बोटं एकेक करून उघडली, आणि नेमका त्याच घडीला बेंबीच्या वर जाळ पेटला.

तो चढला, छातीत, मानेत, टाळूपर्यंत. घाम त्यांच्या हातावर पडला. बायका कुजबुजल्या, बघा, सुनेला किती लागलंय. माझे हात तापलेले आणि त्यांचा तळहात त्या खांबासारखा गार. मी घाई केली नाही. त्यांचा हात तसाच धरून बसले, भपका ओसरेपर्यंत, आणि मग लिंग ठेवून बोटं मिटली. "ठेवलं बरं का, आत्याबाई," मी म्हटलं. "मी मागंच आहे."

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. संध्याकाळी शेजारच्या घरून पिठलं-भाकरी आली. कुणालाच भूक नव्हती. मी मात्र दोन घास खाल्ले, कारण ती रिकाम्या पोटी घेऊ नका म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि मग गोळी घेतली.